तोट्याच्या विक्रीत दलाली कोणाच्या पदरची?

समजा, कॅलिफोर्नियातल्या रिव्हरसाइडमध्ये कोणी २००६ साली चार लाख डॉलरला घर घेतले. पहिले कर्ज ३ लाख २० हजारांचे, दुसरे ८० हजारांचे, पदरचे जवळजवळ काहीच नाही. त्या वर्षांत हे सर्रास चाले. २००९ उजाडेपर्यंत त्याच रस्त्यावरची तशीच घरे दोन लाखांना जाऊ लागली होती आणि या मालकाची नोकरी गेली होती. हप्ते थकले, कर्जाची फेररचना मागूनही मिळाली नाही. आता जप्तीची वाट पाहत बसायचे, नाही तर बँकेची संमती मिळवून घर चालू भावाने विकायचे. येईल ती रक्कम बँकेने घ्यायची आणि घरावरचा बोजा उतरवायचा. या दुसऱ्या मार्गाला अमेरिकेत शॉर्ट सेल म्हणतात.

घर दोन लाखांना विकले आणि दलाली सहा टक्के धरली, तर १२ हजार डॉलर होतात. ते कोणी द्यायचे? एजंटशी करार मालकाने केला आहे, पण विक्रीतून त्याच्या हाती छदामही लागणार नाही. बँकेने एजंटला नेमलेले नाही, तरी हे १२ हजार तिच्याच वसुलीतून वजा होणार. खरेदीदाराचा एजंट महिनोन्‌महिने ताटकळला आहे आणि त्याचा ना मालकाशी करार आहे ना बँकेशी. ठरवणारा एक, राबणारे दोघे आणि सोसणारा चौथाच. २००७ नंतरच्या पडझडीत या दलालीवरून असंख्य व्यवहार अडले, काही मोडले. तिच्यासाठी सरकारी परिपत्रके निघाली, बँकांनी पळवाटा शोधल्या, मध्येच नवे मध्यस्थ उगवले. वाद बहुतेक वेळा दर किती यावर झाला. दलाली केव्हा मिळते आणि त्यामुळे एजंटची घाई कोणाच्या कामी येते, याची चर्चा फार थोडी झाली. माझ्या मते खरी गोम तिथे होती.

नेहमीच्या विक्रीत सगळे सरळ असते. मालक लिस्टिंग ब्रोकरशी लेखी करार करतो, त्यात दर लिहिलेला असतो. बहुधा पाच ते सहा टक्के. ब्रोकर घराची माहिती एमएलएस या ब्रोकरांच्या सामाईक यादीत टाकतो. गिऱ्हाईक आणणाऱ्या ब्रोकरला त्यातला अमुक हिस्सा देऊ, हेही २०२४ पर्यंत तिथेच जाहीर होई. विक्रीच्या दिवशी एस्क्रो किंवा टायटल कंपनी खरेदीदाराच्या पैशातून दलाली, कर आणि शुल्के वळती करते, कर्ज फेडते आणि उरलेले मालकाला देते. दोन्ही ब्रोकरांना तीन-तीन टक्के मिळाले, तरी घरे दाखवत फिरणाऱ्या एजंटकडे त्यातला कंपनीशी ठरलेला भागच येतो. सत्तर-तीसची वाटणी असेल, तर आपल्या दोन लाखांच्या घरावर एका बाजूचे सहा हजार आणि त्यातले एजंटचे ४,२००. त्यातूनच पेट्रोल, जाहिरात आणि आयकर. बँकेने एक टक्का कापला म्हणजे नेमके कोणाचे काय गेले, हे या आकड्यांवरून कळते.

सहा टक्क्यांना कायद्याचा आधार मात्र कधीच नव्हता. वॉशिंग्टनच्या रिअल इस्टेट बोर्डाने सभासदांवर दलालीचे ठरावीक दर लादणे हा मक्तेदारीविरोधी कायद्याचा भंग आहे, असे अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९५० सालीच सांगितले. तेव्हापासून दर वाटाघाटीने ठरतो असे मानले जाते. कॅलिफोर्नियात तर करारात हे ठळक अक्षरांत छापावेच लागते. तरीही बाजार वर्षानुवर्षे पाच-सहाच्या आसपासच घुटमळत राहिला. हे सांगायचे कारण असे, की पुढे शॉर्ट सेलचे नियम करताना सरकारी यंत्रणांनी हाच सवयीचा आकडा उचलला आणि ज्याला कायद्यात कधी जागा नव्हती त्याला परिपत्रकात जागा मिळाली.

शॉर्ट सेलमध्ये लिस्टिंगचा करार होतो तो जोडपत्रासह. त्यात साधारणपणे लिहिलेले असते, की विक्री आणि दलाली दोन्ही कर्जदात्याच्या मंजुरीवर अवलंबून आहेत; त्याने दर कमी केला तर ब्रोकर तो स्वीकारील आणि फरक मालकाकडे मागणार नाही. दलालीच्या जुन्या तत्त्वानुसार घेण्यास तयार आणि ऐपतदार गिऱ्हाईक आणून उभे केले, की ब्रोकरचा हक्क तयार होतो. इथे ते तत्त्व ब्रोकर आपणहून सोडतो. न सोडून सांगतो कोणाला? ज्या मालकाला हप्ता भरता येत नाही त्याच्यावर दलालीचा दावा लावून काय हाती लागणार? बँकेने नकार दिला, खरेदीदार कंटाळून निघून गेला किंवा मध्येच घर लिलावात गेले, तर सहा-आठ महिन्यांच्या कामाचे एजंटला शून्य मिळते.

आणि काम थोडे नसते. मालकाचे अडचण सांगणारे पत्र, पगारपत्रके, दोन वर्षांची आयकर विवरणे, बँकेची खातेपत्रके, करार, खरेदीदाराच्या कर्जाची पूर्वमंजुरी आणि अपेक्षित हिशेबाचा तक्ता, असा गठ्ठा बँकेकडे जातो. त्या काळातल्या एजंटांच्या तक्रारी एकसारख्या आहेत: फॅक्स केलेले कागद मिळालेच नाहीत, खातेपत्रक दोन महिन्यांपूर्वीचे झाले म्हणून पुन्हा पाठवा, फाइल पाहणारा माणूस बदलला म्हणून पहिल्यापासून सुरू करा. बँक ऑफ अमेरिकाने २००८ मध्ये कंट्रीवाइड ही गृहकर्ज कंपनी विकत घेऊन तिच्या बुडत्या कर्जांचा डोंगर अंगावर घेतला आणि पुढे या फाइली इक्वेटर नावाच्या ऑनलाइन यंत्रणेवर आणल्या. कागद हरवणे त्याने कमी झाले असेल. वाट पाहणे काही संपले नाही.

‘बँक’ म्हटले तरी निर्णय घेणारे अनेक असतात. हप्ते गोळा करणारी सर्व्हिसर कंपनी वेगळी, कर्जाचा खरा मालक वेगळा. तो मालक म्हणजे कधी फॅनी मे किंवा फ्रेडी मॅक या गृहकर्जे विकत घेणाऱ्या संस्था, कधी रोख्यांत बांधलेल्या कर्जांचे गुंतवणूकदार. कर्जावर गहाणविमा असेल, तर तोट्याचा भार उचलणाऱ्या विमा कंपनीचीही संमती हवी. या सगळ्यांच्या पुढे एकच कागद जातो. विक्रीची किंमत वर, खाली एकेक वजावट आणि तळाशी बँकेच्या हाती येणारी निव्वळ रक्कम. या कागदावर दलालीची ओळ सर्वांत जाड. मालमत्ता कर थकला असेल तर तो भरावाच लागतो, हस्तांतरण कर टाळता येत नाही, टायटल विम्याला ठरलेला दर आहे. पेन्सिल घेऊन बसलेल्या माणसाला हलवता येण्याजोगा मोठा आकडा दिसतो तो दलालीचा. म्हणून २००७-०८ मध्ये करारात सहा लिहिलेले असताना मंजुरीपत्र पाच टक्क्यांचे यायचे, कधी चारचेही. तेही अगदी शेवटी, खरेदीदाराच्या कर्जाचा व्याजदर ठरलेला असताना. घ्या नाही तर सोडा.

एक टक्का म्हणजे आपल्या उदाहरणात दोन हजार डॉलर. एवढ्यासाठी व्यवहार मोडला तर बँकेला काय पडते? जप्तीचा कायदेशीर खर्च, महिनोन्‌महिने रिकाम्या घराचा कर आणि देखभाल, तांब्याचे पाइप उपसून नेणारे चोर, आणि शेवटी बँक स्वतः विक्रेती होऊन ते घर बाजारात आणते तेव्हा पुन्हा एजंटची दलाली. ती काही चुकत नाहीच. तरीही फाइल पाहणाऱ्याला दोन हजार वाचवल्याचे श्रेय ताबडतोब मिळते आणि व्यवहार मोडल्यामुळे बुडालेले तीस-चाळीस हजार दुसऱ्याच खात्याच्या वहीत, पुढल्या वर्षी दिसतात. मोठ्या संस्थांतली बचत बरेचदा अशीच असते. एजंटांवरही परिणाम झाला. खरेदीदारांचे एजंट आपल्या गिऱ्हाइकांना शॉर्ट सेलची घरे दाखवायचेच टाळू लागले. मिळेल की नाही ठाऊक नाही, मिळाले तर किती ते ठाऊक नाही, आणि कधी तेही नाही. मग शेजारचे साधे घर का दाखवू नये?

एमएलएसवर त्यामुळे वेगळाच पेच झाला. लिस्टिंग ब्रोकरने यादीत दुसऱ्या ब्रोकरला तीन टक्के जाहीर केले आणि बँकेने एकूण दलाली चारवर आणली, तर कापलेले दोन टक्के कोणाचे? जाहीर केलेला शब्द पाळायचा, तर लिस्टिंग ब्रोकरकडे एकच टक्का उरतो, आणि बँकेशी झगडण्याचे काम तर त्यानेच केलेले. या काळात नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स या ब्रोकर-एजंटांच्या संघटनेने नियमांत सोय केली: घर शॉर्ट सेलचे असल्याचे यादीत सांगता यावे, आणि कपात झाल्यास ती दोघांत कशी वाटली जाईल हेही आधीच नोंदवता यावे. बरेच जण निम्मी-निम्मी लिहीत.

तोडगा अखेर मोठ्या कर्जमालकांकडून आला. फॅनी मे आणि फ्रेडी मॅक या दोन्ही संस्था सप्टेंबर २००८ मध्ये सरकारी ताब्यात गेल्या होत्या. घरे पडून राहण्याचा तोटा आता थेट सरकारच्या अंगाशी येत होता. २००९ च्या सुरुवातीलाच फॅनी मेने सर्व्हिसरांना बजावले, की मालक आणि ब्रोकर यांनी ठरवलेली दलाली सहा टक्क्यांच्या आत असेल, तर शॉर्ट सेलला संमती देण्यासाठी ती कमी करण्याची अट घालायची नाही. एप्रिल २०१० मध्ये अर्थखात्याचा शॉर्ट सेलसाठीचा हाफा कार्यक्रम सुरू झाला. त्यातही करारातली दलाली सहा टक्क्यांपर्यंत मान्य करायची, असा नियम होता. घर सोडणाऱ्या मालकाला बिऱ्हाड हलवण्यासाठी आधी तीन हजार आणि शेवटच्या काळात दहा हजार डॉलर मिळत. कार्यक्रम २०१६ अखेर बंद झाला. एफएचए ही सरकारी गहाणविमा यंत्रणा जप्तीपूर्व विक्रीची स्वतंत्र योजना चालवते, तिथेही कमाल सहाच टक्के.

एफएचएच्या योजनेत दलाली आणि किंमत यांचे नाते फार स्पष्ट दिसते. २००८ च्या नियमांप्रमाणे खर्च वजा जाता हाती येणारी रक्कम घराच्या अंदाजित मूल्याच्या किमान ८८ टक्के हवी. पहिल्या ३० दिवसांत गिऱ्हाईक नाही मिळाले तर ८६, त्यानंतर ८४. दोन लाख मूल्याच्या घराचे ८४ टक्के म्हणजे १ लाख ६८ हजार. सहा टक्के दलाली आणि सातेक हजारांचा इतर खर्च धरला, तर १ लाख ८६-८७ हजारांच्या खाली बोली घेताच येत नाही. दलाली पाच टक्के असती, तर तीच मर्यादा दोन हजारांनी खाली आली असती. म्हणजे कमाल दर लावणारा एजंट आपल्याच गिऱ्हाइकासाठी बोलीची जागा आखडत असतो, आणि चांगले एजंट हे पाहून करारातच दर कमी लिहीत.

या नियमांनी भांडण मिटले का? बरेचसे. पण जो दर बाजारात खाली यायला हवा होता, त्याच्याखाली सरकारी टेकू लागला, ही तक्रारही खोटी नाही. शिवाय ज्या बँकांची कर्जे त्यांच्या स्वतःच्याच वहीत होती किंवा खासगी रोख्यांत गेली होती, त्यांना हे बंधन नव्हते. विशेषतः एकच एजंट दोन्ही बाजूंनी असेल, तर अनेक बँका दलाली सरळ चार-पाच टक्क्यांवर आणत. त्यांचा युक्तिवाद असा, की एकाच माणसाने एकच व्यवहार करून दुहेरी का खावे? यात थोडे तथ्य आहे, पण खरे कारण निराळे असावे: दोन्ही बाजू आपल्याच हातात ठेवण्यासाठी बाहेरून आलेली जास्त बोली दाबून ठेवली जाते, असा संशय. तो वावगा नव्हता. याच भीतीने विक्री परक्यांमध्ये आणि खुल्या भावानेच होत असल्याचे प्रतिज्ञापत्र मालक, खरेदीदार आणि एजंट या सगळ्यांकडून घेण्याची पद्धत पडली. एजंट स्वतःच खरेदीदार किंवा त्याचा नातलग असेल, तर पुष्कळ ठिकाणी व्यवहारच नामंजूर होतो; नाही तर निदान दलाली तरी नाही.

दुसऱ्या कर्जाचे प्रकरण याहून गुंतागुंतीचे. आपल्या रिव्हरसाइडच्या घरावर ८० हजारांचे दुसरे कर्ज होते. जप्तीचा लिलाव झाला तर दोन लाखांतले सगळे पहिल्या कर्जात जातील आणि दुसऱ्याला काहीही मिळणार नाही. पण शॉर्ट सेलमध्ये त्याच्या सहीशिवाय बोजा उतरत नाही. ज्याच्या कागदाची बाजारात किंमत शून्य, त्याच्या सहीला मात्र किंमत! पहिला कर्जदाता आपल्या वाट्यातून त्याला किती जाऊ द्यायचे याची मर्यादा घालतो. हाफामध्ये ती सुरुवातीला सहा हजार होती, २०१२ मध्ये साडेआठ हजार झाली. फॅनी आणि फ्रेडीने नोव्हेंबर २०१२ पासून सहा हजारांची मर्यादा घातली. दुसरा म्हणतो, मला दहा हजार हवेत. मधले चार हजार कोण देणार?

मालकाकडे नाहीत. खरेदीदार म्हणतो, मी किंमत देतोय ती पुरे. उरले कोण, तर दोन्ही एजंट. व्यवहार मोडला तर सहा हजारही नाहीत. दोन-दोन हजार सोडले तर चार-चार तरी पदरात पडतात. असे हिशेब करून एजंटांनी पुष्कळदा दलालीतून दुसऱ्या कर्जदात्याची भर केली. हिशेबपत्रकात ते दाखवले आणि पहिल्या कर्जदात्याने मान्य केले, तर प्रश्न नव्हता. पण पहिल्याला कळले तर तो नको म्हणेल, म्हणून एस्क्रोच्या बाहेर परस्पर चेक देण्याची लाट आली. ही फसवणूक आहे. पहिल्या कर्जदात्याने सही केली ती दुसऱ्याला सहाच हजार मिळणार या कबुलीवर. कॅलिफोर्नियाच्या रिअल इस्टेट खात्याने परवानाधारकांना याबद्दल इशारेही दिले. हाफाच्या नियमांत तर स्पष्ट होते, की बोजा सोडण्यासाठी दुसऱ्या कर्जदात्याने मालकाकडे किंवा एजंटकडे पैसे मागायचे नाहीत. असा नियम लिहावा लागला, यावरूनच मागणी किती राजरोस होत असेल ते ओळखावे.

या भानगडीत एक नवा व्यवसाय उभा राहिला: बँकेशी बोलणी करणारा मध्यस्थ. फोन धरून बसायचे, कागद पुन्हापुन्हा पाठवायचे, दुसऱ्या कर्जदात्याला खाली आणायचे. मोबदला बहुधा किमतीच्या एक टक्क्याच्या आसपास. तो कोणी द्यायचा? बँका नवी ओळ मान्य करत नसत, म्हणून तो लिस्टिंग एजंटच्या दलालीतून जाई किंवा खरेदीदाराच्या माथी मारला जाई. यातले काही वकील आणि परवानाधारक ब्रोकर होते, काही नुसतेच होतकरू. कॅलिफोर्नियात मोबदला घेऊन अशी बोलणी करायला परवाना लागतो, हे अनेकांना पकडले गेल्यावर कळले.

त्याच सुमारास घरे वाचवून देतो म्हणून बुडत्या लोकांकडून आगाऊ दोन-तीन हजार उकळणाऱ्या टोळ्या माजल्या होत्या. कॅलिफोर्नियाने कर्ज फेररचनेसाठी आगाऊ शुल्क घेण्यावर २००९ मध्येच बंदी घातली. फेडरल ट्रेड कमिशनने नोव्हेंबर २०१० मध्ये देशभरासाठी मार्स नियम आणला: बँकेकडून लेखी प्रस्ताव मिळून तो मालकाने स्वीकारेपर्यंत शुल्क नाही, आणि सोबत लांबलचक इशारे द्यायचे. बँकेशी शॉर्ट सेलची बोलणी करणारे साधे इस्टेट एजंटही त्याच्या कक्षेत आले आणि दर संभाषणात ‘तुमची बँक कदाचित हे मान्य करणार नाही’ असे छापील वाक्य ऐकवू लागले. जुलै २०११ मध्ये कमिशनने जाहीर केले, की परवाना असलेल्या आणि राज्याचे कायदे पाळून विक्रीच्या ओघात मदत करणाऱ्या एजंटांवर बहुतेक तरतुदी लावणार नाही. खोटे आश्वासन देण्यावरची बंदी मात्र कायम. एजंटांना तसे आगाऊ काही मिळतच नव्हते, म्हणून सूट देणे रास्तच होते.

आता मूळ मुद्दा. एजंटला पैसे मिळतात ते विक्री पूर्ण झाली की. मालकाचा प्रश्न मात्र विक्रीने संपतोच असे नाही. चार लाखांच्या कर्जावर दोन लाखही वसूल झाले नाहीत, तर राहिलेल्या रकमेचे काय? बँकेच्या मंजुरीपत्रात दोन गोष्टी असू शकतात. एक, उरलेले कर्ज पूर्ण माफ. दुसरी, घरावरचा बोजा फक्त सोडतो, वसुलीचा हक्क राखून ठेवतो. दोन्ही पत्रांनी विक्री होते, दोन्हींत दलाली सारखीच, एजंटच्या दृष्टीने दोन्ही हिरवे कंदील. मालकाला मात्र पहिले पत्र सुटका आहे आणि दुसरे म्हणजे घर गेल्यावरही मानगुटीवर बसलेले लाख-दोन लाखांचे देणे, जे बँक पुढे एखाद्या वसुली कंपनीला कवडीमोलाने विकू शकते.

एजंटचे कर्तव्य मालकाशी आहे, पैसे कोणाच्याही वसुलीतून जावोत. कायदा यात गोंधळत नाही. पण महिनोन्‌महिने फुकट राबलेल्या माणसाच्या हाती बँकेचे पत्र पडते, दहा दिवसांत व्यवहार उरकायची मुदत असते, आणि त्या पत्रातल्या, उरलेल्या कर्जाबद्दलच्या चौथ्या परिच्छेदासाठी पुन्हा भांडायला जायचे म्हणजे चार हजारांवर पाणी सोडण्याची तयारी हवी. काहींनी ती दाखवली. बहुतेकांनी ‘वकिलाला विचारा’ असे जोडपत्रात छापून घेतले. ज्याच्याकडे हप्त्याला पैसे नाहीत त्याने वकील कुठून आणायचा, हे त्यात छापलेले नव्हते.

कॅलिफोर्नियाने हा पेच कायद्यानेच सोडवला. जानेवारी २०११ पासून लागू झालेल्या कायद्याने पहिल्या कर्जदात्याला, आणि त्याच वर्षीच्या जुलैमधल्या कायद्याने दुसऱ्या कर्जदात्यालाही, लेखी संमतीने झालेल्या शॉर्ट सेलनंतर राहिलेली रक्कम मागायला मनाई केली. संमतीसाठी मालकाकडून वरचे पैसे मागणेही बंद. त्याआधीच्या विक्रींचा वाद जेपी मॉर्गन चेसविरुद्धच्या खटल्यात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. २०१६ मध्ये न्यायालयाने सांगितले, की घर घेण्यासाठीच काढलेल्या कर्जाची उरलेली रक्कम शॉर्ट सेलनंतर वसूल करता येत नाही, मालकाने तसे देणे लेखी मान्य केले असले तरी. इतर अनेक राज्यांत असे संरक्षण नाही. तिथे सगळे मंजुरीपत्राच्या शब्दांवर. माफ झालेल्या कर्जाला प्राप्तिकर खाते उत्पन्न मानते, हे आणखी एक. डिसेंबर २००७ च्या कायद्याने राहत्या घराच्या माफ कर्जाला २० लाख डॉलरपर्यंत करातून सूट दिली. ती वेळोवेळी वाढवत नेली आणि २०२१ पासून मर्यादा साडेसात लाखांवर आणली. भाड्याने दिलेल्या दुसऱ्या घराला ती लागू नव्हती. त्या तेजीत गुंतवणूक म्हणून दुसरे घर घेणाऱ्यांत नोकरदार स्थलांतरित भारतीयही होते. त्यांच्यातल्या ज्यांनी शॉर्ट सेल केली त्यांना हा फरक विवरण भरताना कळला.

मालक आणि एजंट यांच्या घाईतली तफावत २०१२ नंतर थोडी कमी झाली, तीही दलालीला हात न लावता. त्या वर्षी फेब्रुवारीत पाच मोठ्या सर्व्हिसरांनी केंद्र आणि ४९ राज्यांशी २,५०० कोटी डॉलरची तडजोड केली आणि शॉर्ट सेलमध्ये माफ केलेले कर्ज त्या रकमेत मोजता येऊ लागले. एकाएकी बँका गोड झाल्या. फॅनी आणि फ्रेडीच्या कर्जांसाठी जून २०१२ पासून प्रस्तावाला ३० दिवसांत उत्तर आणि ६० दिवसांत अंतिम निर्णय बंधनकारक झाला. एजंटसाठी यातली मुदत टक्क्यापेक्षा मोलाची होती. आठ महिन्यांनी मिळणाऱ्या सहा टक्क्यांपेक्षा दोन महिन्यांत मिळणारे पाच कोणीही घेईल.

आपल्याकडे शॉर्ट सेलच्या सर्वांत जवळचे म्हणजे बँकेची एकरकमी तडजोड, ओटीएस. थकबाकीदार बँकेशी कमी रकमेवर ठरवतो आणि ती उभी करायला फ्लॅट विकतो. पण बँक तिची ठरलेली रक्कम घेऊन मोकळी होते. मालक आणि गिऱ्हाईक यांनी दलालाला एक टक्का दिला की दोन, हे ती पाहतही नाही. तडजोड नाही झाली तर २००२ च्या सरफेसी कायद्याने ताबा आणि लिलाव, तिथे मालकाचा दलाल नसतोच. विक्रीच्या प्रत्येक ओळीवर कर्जदात्याची सही लागते, म्हणून दलालीचा हा सारा गुंता अमेरिकेत झाला.

घरांच्या किमती पुन्हा चढल्या आणि शॉर्ट सेल तुरळक झाली. पण बरेचसे नियम जागच्या जागी आहेत, आणि त्यांच्या पायाखालची जमीन मधल्या काळात हलली. ऑक्टोबर २०२३ मध्ये कॅन्सस सिटीतल्या ज्यूरीने नॅशनल असोसिएशन ऑफ रिअल्टर्स आणि काही मोठ्या ब्रोकर कंपन्यांना दलालीचे दर फुगवण्याच्या कटाबद्दल दोषी धरले. नुकसानभरपाई सुमारे १७८ कोटी डॉलर. मार्च २०२४ मध्ये असोसिएशनने ४१ कोटी ८० लाखांवर तडजोड केली. १७ ऑगस्ट २०२४ पासून खरेदीदाराच्या ब्रोकरचा वाटा एमएलएसवर जाहीर करायला बंदी आहे आणि घर दाखवण्याआधी खरेदीदाराशी लेखी करार करावा लागतो. त्यात एजंटचा मोबदला स्पष्ट लिहायचा आणि त्याहून अधिक कोणाकडूनही घ्यायचा नाही.

साध्या विक्रीत याचा अर्थ सोपा आहे: खरेदीदार मालकाला म्हणतो, माझ्या एजंटचे अडीच टक्के तू दे, आणि किमतीच्या घासाघिशीत ते मिटते. शॉर्ट सेलमध्ये ज्याच्याशी घासाघीस करायची त्या मालकाकडे द्यायला काही नाही. मागणी बँकेपुढे जाते, आणि पूर्वी एकाच सहा टक्क्यांच्या ओळीत बसलेला खरेदीदाराच्या एजंटचा वाटा आता स्वतंत्रपणे तिच्या नजरेत भरतो. तिने दोनच टक्के मंजूर केले, तर उरलेला अर्धा टक्का करारानुसार खरेदीदार देणे लागतो. आपल्या दोन लाखांच्या घरावर ते हजार डॉलर होतात. ते खरेदीदाराने भरायचे, एजंटने सोडायचे, की लिस्टिंग ब्रोकरने आपल्यातून द्यायचे, हे त्या-त्या व्यवहारात ठरते. आणि ज्याच्यासाठी मंजुरीपत्रातला चौथा परिच्छेद वाचायला हवा, तो मालक याही बोलण्यांत नसतो.